हरलेल्या बाजूचा इतिहास



मुंबईस गेलेल्या बहुतेकांनी विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पाहिलेला असतो. प्रेमचंद रायचंद ह्या व्यापाऱ्याने आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंदांच्या संपत्तीचा पुष्कळसा भाग मात्र अमेरिकेतील एका युद्धाच्या पोटी जन्मलेला होता. १८६१ साली तेथे यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस तोपर्यंत अमेरिकेतून येत असे. तो येईनासा झाला, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या पेढ्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या नव्या कंपन्या निघू लागल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. ती वार्ता मुंबईस पोहोचताच भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी सौद्यांची मुदत भरली तेव्हा भल्याभल्यांची दिवाळी निघाली. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत.

दक्षिण हरली ह्याचे दु:ख झालेली माणसे अशा रीतीने आपल्या मुंबईतही होती. परंतु ते दु:ख हिशेबाच्या वहीतले होते. नवी वही घातल्यावर ते विसरले गेले. खुद्द अमेरिकेत मात्र तसे झाले नाही. तेथे हरलेल्या बाजूने आपला पराभव जपून ठेवला, त्याला नवे कपडे चढविले, त्याचे पुतळे उभारले, पाठ्यपुस्तके लिहिली; आणि आज दीडशे वर्षांनंतरही त्या देशाच्या निवडणुकांत, न्यायालयांत आणि शाळांत त्याची सावली पडलेली दिसते.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ह्या विषयाला ती सहज लावता येईल. परंतु ती पुरती लागू पडत नाही. येथे सुंभ जळाला आणि मागाहून पीळ नव्याने घातला गेला. तो कोणी घातला, केव्हा घातला आणि कशासाठी घातला, हे नावानिशी आणि सालवारीने सांगता येते. तेच सांगण्याचा आजचा माझा उद्देश आहे.

प्रथम हे युद्ध कशासाठी झाले ते पाहू, आणि ते दक्षिणेच्याच कागदांवरून पाहू. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना हे राज्य संघराज्यातून फुटून निघाले, आणि चारच दिवसांनी आपण का फुटलो ह्याचा जाहीरनामा त्याने काढला. त्यात मुख्य तक्रार अशी की, पळून गेलेले गुलाम मालकांस परत द्यावेत हा केंद्राचा कायदा उत्तरेची राज्ये पाळीत नाहीत. उलट आपापले कायदे करून त्याच्या आड येतात. श्रोत्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. घटक राज्यांच्या हक्कांसाठी आपण लढलो असे दक्षिणेने पुढे शंभर वर्षे सांगितले. आणि १८६० साली तिची तक्रार तर अशी होती की, उत्तरेची राज्ये नेमके तेच हक्क बजावू लागली आहेत!

मिसिसिपीने त्यानंतर काढलेल्या जाहीरनाम्यात तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे आरंभीच सांगून टाकले. १८६१च्या मार्चमध्ये दक्षिणेने आपली स्वतंत्र राज्यघटना केली. तीत गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कोणताही कायदा करण्यास आपल्याच विधिमंडळाला बंदी घातली, आणि कोणाही नागरिकाला आपले गुलाम घेऊन कोणत्याही घटक राज्यात जाण्याची मोकळीक दिली. गुलामगिरीच्या बाबतीत घटक राज्याच्या हक्काची ह्या घटनेने मुळीच पर्वा केली नाही. त्याच महिन्याच्या २१ तारखेला सव्हाना शहरात दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स ह्याने भाषण केले. काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, दास्य ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे, आणि ह्याच सत्याच्या कोनशिलेवर आपले नवे राज्य उभे आहे, असा त्या भाषणाचा आशय होता.

दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. उत्तर पहिल्या दिवसापासून गुलामांच्या मुक्ततेसाठी लढत नव्हती. संघराज्य टिकविणे हा लिंकनचा आरंभीचा हेतू होता, आणि मुक्तीची घोषणा त्याने १ जानेवारी १८६३ रोजी केली. दक्षिणेतील बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांजवळ एकही गुलाम नव्हता, हेही खरे आहे. घरावर चालून आलेल्या फौजेशी लढलेला गरीब शेतकरी शूर नव्हता असे कोण म्हणेल? परंतु एखादा शिपाई का लढला, आणि तो ज्या राज्यासाठी लढला ते राज्य का स्थापन झाले, हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या जागी बसविणे हीच पुढील साऱ्या इतिहासाची हातचलाखी होय.

चार वर्षांच्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. सुमारे ४० लक्ष गुलाम मुक्त झाले. त्यांच्या जातभाईंपैकी सुमारे १ लक्ष ८० हजार जण उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन लढलेही होते. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ साली मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळाले आणि १८७० साली मताचा हक्क मिळाला. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी ह्या दोन राज्यांत तर काळ्या लोकांची संख्या निम्म्याहून अधिक होती. मिसिसिपीने १८७० साली हायरम रेव्हल्स ह्या काळ्या गृहस्थास सिनेटमध्ये धाडले. हा त्या देशातील खरा पालट होता, आणि हाच पालट उलटविण्यासाठी स्मृतीचे हत्यार उपसण्यात आले.

त्या हत्याराला नाव देणारा गृहस्थ वृत्तपत्रकार होता. रिचमंड येथील एका पत्राचा संपादक एडवर्ड पोलार्ड ह्याने १८६६ साली दक्षिणेच्या बाजूने युद्धाचा एक जाडजूड इतिहास लिहिला, आणि त्याला ‘हरपलेले ध्येय’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे त्या साऱ्या विचारसरणीलाच ते नाव पडले. पोलार्डचे म्हणणे असे की, युद्धाने दोनच गोष्टींचा निकाल लावला : संघराज्य अखंड राहिले आणि गुलामगिरी गेली. काळे लोक गोऱ्यांच्या बरोबरीचे आहेत की नाहीत, त्यांना मत द्यावे की न द्यावे, ह्याचा निकाल लागलेला नाही. तेव्हा आता विचारांचे युद्ध लढावे. दोनच वर्षांनी त्याने दुसरे पुस्तक लिहून हरपलेले ध्येय परत मिळविता येईल असे सांगितले, आणि गोऱ्यांचे वर्चस्व हेच ते खरे ध्येय, असे उघडपणे म्हटले. हा मनुष्य पराभवावर रडत बसला नव्हता. पुढल्या लढाईची आखणी करीत होता.

स्टीव्हन्सने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. कोनशिलेचे भाषण करणाऱ्या ह्याच गृहस्थाने १८६८ ते १८७० ह्या काळात दोन मोठे खंड लिहिले, आणि युद्धाचे मूळ राज्यघटनेच्या अर्थाविषयीच्या मतभेदात होते, गुलामगिरी हे केवळ निमित्त, असे प्रतिपादन केले. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस ह्याने १८८१ साली आपल्या ग्रंथात हाच सूर लावला. युद्धापूर्वीची वाक्ये आणि युद्धानंतरची वाक्ये एकाच माणसांची आहेत. मधे फक्त पराभव झाला आहे. जे कारण जिंकून अभिमानाने सांगता आले असते, ते हरल्यावर जगापुढे सांगण्याजोगे राहिले नव्हते.

ह्या नव्या इतिहासाला देव हवा होता आणि दैत्यही हवा होता. दोन्ही पुरविण्याचे काम जुबल अर्ली ह्या सेनानीने केले. मूळचा हा वकील. १८६१ साली व्हर्जिनियाच्या परिषदेत त्याने फुटून निघण्याला विरोधही केला होता. ली १८७० साली वारला. १९ जानेवारी १८७२ रोजी, लीच्या जन्मदिनी, अर्लीने त्याच्या स्मरणार्थ व्याख्यान दिले आणि लीला कधीही न चुकणारा पुरुषोत्तम बनविले. पुढल्या वर्षी दक्षिणेच्या ऐतिहासिक संस्थेची सूत्रे त्याच्या हाती आली, आणि १८७६ पासून त्या संस्थेचे खंड निघू लागले. त्यांतून सिद्धान्त पक्का झाला तो असा : दक्षिण शौर्यात किंवा युक्तीत हरली नाही, केवळ संख्येपुढे हरली.

परंतु ली कधी चुकत नसेल, तर १८६३ साली गेटिसबर्गची लढाई हरली कशी? त्याचे खापर फोडण्यासाठी जेम्स लाँगस्ट्रीट सापडला. तो लीच्या हाताखालचा प्रमुख सेनापती. त्या दिवशी त्याने हल्ल्यास विलंब केला, म्हणून सारे हातचे गेले, असा आरोप लीच्या मृत्यूनंतर सुरू झाला. लाँगस्ट्रीटचा खरा अपराध निराळा होता. युद्ध संपल्यावर त्याने निकाल मान्य केला, लिंकनच्या पक्षात प्रवेश केला, आणि १८७४ साली न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीविरुद्ध काळ्या शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले. गेटिसबर्गच्या रणभूमीवर ह्या सेनापतीचा पुतळा उभा राहण्यास १९९८ साल उजाडावे लागले. हरलेल्या बाजूची स्मृती आपल्या माणसांतही कशी निवड करते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि स्वत: ली? १८६९ साली गेटिसबर्गवर स्मृतिचिन्हे उभारण्याच्या कामी त्याला बोलाविण्यात आले, तेव्हा त्याने नकार कळविला. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, कलहाच्या खुणा पुसून टाकणाऱ्या राष्ट्रांचे अनुकरण करावे, असे त्याने लिहिले. त्याच्या भक्तांनी त्याचे सर्व काही घेतले, हा उपदेश तेवढा घेतला नाही.

आता पुतळ्यांकडे वळू. युद्धानंतर पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत जी स्मारके झाली ती बहुधा स्मशानभूमीत झाली. मुलगा, नवरा, भाऊ गमावलेल्या बायकांनी पैसे जमवून थडग्यांजवळ स्तंभ उभारले. हे शोकाचे काम होते, आणि त्यास कोणीही बोल लावू नये. पण १८९० नंतर पुतळे स्मशानातून निघाले आणि कचेऱ्यांच्या दारात, न्यायमंदिरांच्या अंगणात, भर चौकात येऊन उभे राहिले. सर्वांत अधिक पुतळे ह्या काळापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या वर्षांत उभारले गेले. तीस-चाळीस वर्षांनी दु:खाला एवढा जोर कसा चढला?

ह्याचे उत्तर त्याच वर्षांच्या कायद्यांत सापडते. १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि डोईपट्टी, वाचता येण्याची परीक्षा अशा युक्त्यांनी काळ्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. इतर राज्ये त्याच वाटेने गेली. लुइझियानात १८९६ साली काळे मतदार १ लक्ष ३० हजारांवर होते; १९०४ साली ते सुमारे १,३०० उरले. १८९६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी निरनिराळे डबे ठेवण्यास मान्यता दिली. झुंडीने माणूस झाडाला टांगण्याचे प्रकार ह्याच काळात बळावले होते. न्यायमंदिराच्या पायरीवरील दगडी शिपाई हा अशा वेळी मेलेल्यांची आठवण म्हणून उभा नव्हता. आत न्याय मागण्यास येणाऱ्या काळ्या माणसाला तो काही सांगत होता.

१८९४ साली नॅशव्हिल येथे दक्षिणेच्या वीरांच्या कन्यांची संस्था स्थापन झाली. पुतळ्यांसाठी वर्गणी जमविण्यात ह्या स्त्रिया अग्रेसर होत्याच. परंतु त्यांचे मोठे काम शाळांत झाले. संस्थेच्या एके काळच्या इतिहासप्रमुख मिल्ड्रेड रदरफर्ड ह्यांनी १९१९च्या सुमारास पाठ्यपुस्तके पारखण्याचा एक मानदंड छापून प्रसिद्ध केला. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे जे पुस्तक सांगेल ते नाकारावे, गुलामांचे मालक क्रूर होते असे जे सांगेल तेही नाकारावे, असे त्याचे नियम होते. पुस्तके नेमणाऱ्या मंडळांवर ह्या संस्थेचा दाब असे, आणि प्रकाशकांना धंदा करावयाचा होता. अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांची मुले, आणि त्यांत काळी मुलेही, हाच इतिहास शिकली. पुतळा पाडता येतो. लहानपणी पाठ केलेला धडा पाडण्यास कोणती पहार आणावी?

जिंकलेली बाजू ह्या काळात काय करीत होती, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. इतिहास जेते लिहितात असे आपण नेहमी ऐकतो. येथे जेत्यांनी लेखणी आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिली. १८७७ साली अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा सौदा झाला, आणि उत्तरेने दक्षिणेतील उरलेसुरले सैन्य काढून घेतले. उत्तरेला कापूस हवा होता, बाजारपेठ हवी होती, शांतता हवी होती. चौकातल्या दगडी शिपायांपैकी पुष्कळसे तर उत्तरेतील कारखान्यांनीच पुरविले. फ्रेडरिक डग्लस हा पूर्वाश्रमीचा गुलाम आणि त्या काळचा श्रेष्ठ वक्ता. त्याने १८७८ साली न्यूयॉर्कमध्ये बजावून सांगितले की, ह्या युद्धात एक बाजू न्यायाची होती आणि एक अन्यायाची, आणि हा भेद कोणत्याही भावनेच्या भरात विसरता कामा नये. तो भेद विसरण्यावरच समेट झाला.

१९१३ साली गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षे झाली. दोन्ही सैन्यांचे ५० हजारांहून अधिक वृद्ध योद्धे त्या मैदानावर एकत्र जमले, त्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांनी भाषण करून जुने भांडण विसरले गेल्याची ग्वाही दिली. विल्सन स्वत: व्हर्जिनियात जन्मलेले आणि इतिहासाचे प्राध्यापक. त्याच वर्षी त्यांच्या राजवटीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून काळे कारकून वेगळे बसविण्यास सुरुवात झाली. दोन भावांचा समेट झाला, आणि त्या समेटाची किंमत तिसऱ्याने भरली. माझ्या मते ह्या साऱ्या कथेचे मर्म येथे आहे. गोड आठवणीची किंमत नेहमी कोणी तरी देत असतो, आणि आठवण काढणारा ती क्वचितच देतो.

पुढे पंडितांनी आणि चित्रपटांनी उरलेले काम पुरे केले. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक डनिंग व त्यांचे शिष्य ह्यांनी मुक्तीनंतरच्या पुनर्रचनेचा काळ म्हणजे भ्रष्टाचार आणि अनागोंदी, असा इतिहास विद्वत्तेच्या भाषेत लिहिला. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ ह्या मूकपटाने मुखवटे घालून काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या टोळ्यांना तारणहार ठरविले. तो व्हाइट हाउसमध्ये दाखविण्यात आला, आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लान ह्या टोळीचे पुनरुज्जीवन झाले. १९३५ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्या काळ्या इतिहासकाराने पुनर्रचनेचा खरा इतिहास मोठ्या परिश्रमाने मांडला. विद्यापीठांनी त्याकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. पुढल्याच वर्षी ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी निघाली, आणि १९३९ साली तिचा चित्रपट साऱ्या जगाने पाहिला. आपल्याकडील शहरांतूनही लोकांनी तो आवडीने पाहिला आहे. डुबॉइसचे पुस्तक त्यांपैकी किती जणांनी उघडले असेल?

आता राजकारण. १९४८ साली अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी काळ्या नागरिकांच्या हक्कांकडे थोडे लक्ष दिले, तेव्हा दक्षिणेतील डेमोक्रॅट पुढारी पक्षाबाहेर पडले. घटक राज्यांच्या हक्कांचे नाव घेऊन त्यांनी वेगळा पक्ष काढला, स्ट्रॉम थर्मंड ह्यांना उमेदवार केले आणि चार राज्ये जिंकली. त्यांच्या सभांतून दक्षिणेचा जुना रणध्वज फडकू लागला. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. १९५६ साली जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात तो रणध्वज घातला. १९६१ साली, युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने, साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनावर तो चढला. शताब्दीच्या सोहळ्यासाठी न्यू जर्सीच्या प्रतिनिधींत एक काळी स्त्री होती. चार्ल्सटनच्या हॉटेलने तिला उतरू देण्यास नकार दिला आणि अध्यक्ष केनेडींना ती सभा आरमारी तळावर हलवावी लागली. जानेवारी १९६३ मध्ये जॉर्ज वॉलेस ह्यांनी आलाबामाचे गव्हर्नर म्हणून शपथ घेतली, ती डेव्हिसने १८६१ साली जेथे शपथ घेतली होती त्याच जागेचा उल्लेख करून. आणि वर्णभेद आजही, उद्याही आणि सदैव राहील अशी गर्जना केली.

ह्या तारखा एका ओळीत मांडल्या म्हणजे बोलू लागतात. १८९० च्या पुढे जेव्हा काळ्यांचा मताधिकार काढून घ्यावयाचा होता तेव्हा स्मृतीला भरती आली. मधल्या काळात घडी नीट बसलेली असताना ती शांत होती. १९४८ ते १९६५ ह्या वर्षांत ती घडी मोडू लागली, तेव्हा पुन्हा भरती आली. समुद्राची भरती चंद्रावर अवलंबून असते. ह्या भरतीचा चंद्र म्हणजे मतपेटी.

१९६५ साली मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपीत १९६४ साली पात्र काळ्या नागरिकांपैकी शंभरात सातांचीही नावे मतदारयादीत नव्हती. तीन-चार वर्षांत ते प्रमाण शेकडा साठच्या घरात गेले. पण त्याबरोबर पक्षांची उलथापालथ झाली. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला ज्या दक्षिणेत दीर्घकाळ फारसे स्थान नव्हते, तेथील पाच राज्ये १९६४ साली बॅरी गोल्डवॉटर ह्यांनी नागरी हक्कांच्या कायद्याला विरोध करून जिंकली. १९६८ साली वॉलेस स्वतंत्र उभे राहिले आणि त्यांनीही पाच राज्ये मिळविली. पुढे दक्षिणेतील गोऱ्यांचे मत हळूहळू लिंकनच्याच पक्षाकडे वळले. १९८० साली रोनाल्ड रेगन ह्यांनी मिसिसिपीतील नेशोबा येथील जत्रेत घटक राज्यांच्या हक्कांचा पुरस्कार केला. १९६४ साली तीन तरुण हक्क-कार्यकर्त्यांचा खून झाला ती जागा तेथून फार दूर नाही. शब्द जुनाच होता. त्याचा अर्थ श्रोत्यांना फोड करून सांगावा लागला नाही. १९६५च्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकामी केली, त्या निकालातही सर्व घटक राज्यांच्या समान प्रतिष्ठेचा मुद्दा अग्रभागी होता.

ह्याचा अर्थ, दक्षिणेतील आजचा प्रत्येक मतदार गुलामगिरीचा चाहता आहे असा घेऊ नये. धर्म, कर, बंदुका, परकीयांचे आगमन अशा अनेक कारणांनी माणसे मत देतात. परंतु केंद्र म्हणजे परके, आपण म्हणजे नेहमी अन्याय सोसणारे, आणि आपला सुवर्णकाळ कोणी तरी हिरावून घेतला, ही जी मनाची घडण आहे ती ‘हरपलेल्या ध्येया’च्या शाळेत तयार झालेली आहे. म्हणूनच तिला आता भूगोलाचेही बंधन उरलेले नाही. वेस्ट व्हर्जिनिया हा प्रदेश उत्तरेशी राहण्यासाठी व्हर्जिनियातून वेगळा झाला आणि १८६३ साली राज्य बनला. तेथेही आज दारावर दक्षिणेचा रणध्वज दिसतो. आजोबा उत्तरेकडून लढले आणि नातू दक्षिणेच्या पराभवावर हळहळतो! जुलै १८६४ मध्ये जुबल अर्ली आपली फौज घेऊन वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत येऊन परत फिरला होता. त्याला जे साधले नाही ते ६ जानेवारी २०२१ रोजी घडले. निवडणुकीचा निकाल न मानणाऱ्या जमावातील एकाने तो ध्वज संसद भवनाच्या आत नेऊन मिरविला.

मधल्या काळात रक्तही सांडले. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या एका काळ्या ख्रिस्ती मंदिरात प्रार्थनेस बसलेल्या नऊ जणांना ह्या ध्वजाच्या एका तरुण अभिमान्याने गोळ्या घातल्या. त्यानंतर साउथ कॅरोलिनाने विधानभवनाच्या आवारातून ध्वज उतरविला. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे लीचा पुतळा हलविण्याच्या प्रश्नावरून दंगल झाली आणि एका तरुणीचा बळी गेला. २०२० साली मिसिसिपीने आपला १८९४ पासूनचा ध्वज बदलला.

रिचमंडमधील लीचा प्रचंड पुतळा मात्र एका जुन्या वाक्याची आठवण करून देतो. चौथऱ्यासह ६० फूट उंचीचा तो पुतळा मे १८९० मध्ये लाखावर लोकांच्या समुदायापुढे उघडण्यात आला. जॉन मिचेल हा तेथील काळ्या लोकांच्या पत्राचा संपादक. हा पुतळा काळ्या माणसाच्या हातांनी चढविला आहे, वेळ येईल तेव्हा उतरविण्यासही तोच हजर असेल, अशा अर्थाचे त्याने तेव्हा लिहून ठेवले. ८ सप्टेंबर २०२१ रोजी तो पुतळा खाली आला, आणि तो उतरविण्याचे काम एका काळ्या कंत्राटदारानेच केले.

येथे ही कथा संपली असती तर व्याख्यात्याला बरे वाटले असते. पण ती संपलेली नाही. दक्षिणेच्या सेनानींच्या नावाच्या नऊ लष्करी तळांची नावे २०२३ साली कायद्याने बदलण्यात आली. २०२५ साली ती पुन्हा जुनी झाली. कायद्याने बंडखोरांचे नाव देता येईना, म्हणून त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधून काढण्यात आले, आणि नाव त्यांचे आहे असे सांगण्यात आले. ब्रॅगच्या जागी दुसरा ब्रॅग, बेनिंगच्या जागी दुसरा बेनिंग. स्टीव्हन्सने १८६८ साली जी युक्ती केली तिचीच ही धाकटी बहीण नव्हे काय? शब्द तोच ठेवावयाचा आणि कारण बदलून सांगावयाचे.

मग पराभूतांनी आठवण ठेवूच नये काय? असे मी म्हणणार नाही. पराभवाच्या आठवणी आपल्याही घरोघर आहेत आणि त्या आपण जपतो. मृताचे श्राद्ध करणे हा मनुष्यधर्म आहे. परंतु श्राद्ध वेगळे आणि वारसाहक्काचा दावा वेगळा. श्राद्ध करणारा मृताचे नाव घेतो आणि आपल्या कामाला लागतो. दावा लावणारा मृताच्या नावाने जिवंताच्या घरात शिरतो. कोणतीही आठवण समोर आली म्हणजे ती ह्यांपैकी काय आहे, हे एका प्रश्नाने ओळखता येते : ह्या आठवणीत कोणाला बोलण्यास बंदी आहे? दक्षिणेच्या आठवणीत ४० लक्ष माणसे होती, पण सेवक म्हणून, प्रामाणिक नोकर म्हणून. त्यांना तोंड नव्हते.

शेवटी आपल्याकडे येतो. १८७३ साली पुणे शहरी जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी नि:स्वार्थपणे झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. युद्धाला आठ वर्षे झाली होती. ते कशासाठी झाले ह्याविषयी सातासमुद्रापलीकडच्या ह्या माणसाला यत्किंचितही शंका नव्हती. कारण त्याने त्या युद्धाकडे पाहिले ते गुलामाच्या बाजूने.

त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर १ जूनची तारीख आहे. तिच्या अवघे सात आठवडे आधी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियानातील कोलफॅक्स गावी न्यायकचेरीचे रक्षण करणाऱ्या काळ्या लोकांची, शरण आल्यावर, गोऱ्यांच्या टोळीने कत्तल केली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८७६ साली आरोपी सुटले. त्या टोळीतील मेलेल्यांसाठी १९२१ साली गावाच्या स्मशानभूमीत स्तंभ उभारला गेला; त्यावर ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले असे उघड कोरलेले आहे. पुढे गेल्या शतकाच्या मध्यास राज्य सरकारने कचेरीजवळ पाटी लावली. तीत कत्तलीला दंगल म्हटले होते, आणि हिच्यायोगे दक्षिणेतील कुशासन संपले असे समाधान व्यक्त केले होते. ती पाटी २०२१ साली निघाली. मारल्या गेलेल्यांचे स्मारक गावात उभे राहिले ते २०२३ साली, दीडशे वर्षांनी.

जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केले त्या सज्जनांच्या देशात तेव्हा हे घडत होते. त्यांची अर्पणपत्रिका चुकली असे मात्र मला वाटत नाही. ज्यांनी तो उपकार केला त्यांना तो विसरता येऊ नये, म्हणून एका परक्या माणसाने लिहून ठेवलेली ती एक पावती आहे. ती आजही आपल्या ग्रंथालयांत आहे. आणि हरलेल्या बाजूचा इतिहास कितीही गोड वाटला, तरी तो वाचून झाल्यावर एकदा ती पावती उघडून पाहावी, एवढीच आपणांस विनंती.